शाळेंतील मुलांचें आरोग्य व आरोग्यशिक्षिकेचें कार्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत शाळेच्या पालकसभेंत आपल्या धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या वर्षीं व्याख्यात्याचें काम तसें सोपें असतें. गेल्या पन्नास वर्षांचा वृत्तांत सांगावा, ज्यांनीं देऊळ उभारलें व शाळा काढली त्यांचें आदरपूर्वक स्मरण करावें, आणि टाळ्यांच्या गजरांत खालीं बसावें. तें काम माझ्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मजकडे महोत्सव-समितीनें निराळा विषय सोंपविला आहे : शाळेंतील मुलांचें आरोग्य, आणि तें राखण्याच्या कामीं गांवांतील आरोग्यशिक्षकांचें साहाय्य. मी वैद्य नाहीं. सेमिनरींत मला तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकविलें; शरीरशास्त्र शिकविलें नाहीं. तरीपण हा विषय मीं नाकारला नाहीं, ह्याचें कारण असें कीं, ह्या बाबतींत मजकडून एकदां मोठा अपराध घडला आहे. तो आधीं सांगतों. म्हणजे पुढें जें बोलावयाचें आहे तें कोणत्या भावनेनें बोलतों हें आपल्या ध्यानांत येईल.

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. समुद्रकांठच्या दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी साहाय्यक धर्मगुरू होतों व तेथील शाळेची देखरेख मजकडे होती. पांचव्या इयत्तेंत एक मुलगा होता. अंगानें उंच म्हणून त्याला मागच्या बांकावर बसवीत. फळ्यावरील लिहिणें तो कधींच पुरें उतरून घेत नसे. शेजाऱ्याच्या वहींत डोकावे, आणि पकडला गेला म्हणजे मान खालीं घालून उभा राही. शिक्षकांनीं त्याला आळशी ठरविलें, सोबत्यांनीं त्याचें ‘ढब्बू’ असें नांव ठेविलें, आणि वार्षिक परीक्षेंत तो नापास झाला. मीं त्याच्या बापाला बोलावून घेतलें. बाप मच्छीमारी बोटीवर खलाशी होता. मीं त्याला सांगितलें, “मुलाला जरा शिस्त लावा. त्याचें शाळेंत लक्ष नाहीं.” बापानें ती शिस्त त्याच रात्रीं लावली. दुसऱ्या दिवशीं मुलाच्या दंडावर तिचे वळ होते, आणि ते मीं पाहिले.

पुढें शाळा उघडल्यावर आरोग्यकेंद्रांतील नर्सबाई मुलांस लस टोंचावयास आल्या. काम आटोपलें, तेव्हां दारापाशीं काढलेल्या चपलांच्या ढिगांतून सगळीं मुलें आपापल्या चपला पायांत सरकवून निघून गेलीं. हा एकटाच वांकून, एकेक चपलेजवळ डोळे नेऊन, आपली शोधीत राहिला. बाईंनीं तें पाहिलें. त्याला अंगणांत नेऊन त्या म्हणाल्या, “बाळ, समोरच्या माडावर नारळ किती रे?” तो आश्चर्यानें म्हणाला, “बाई, नारळ इथून दिसतात?”

त्या एका प्रश्नानें सारा उलगडा झाला. मुलाला फळा दिसत नव्हता; आणि इतरांस तो दिसतो, हें त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतें. नर्सबाई शाळा सुटल्यावर त्याच्या घरीं गेल्या, त्याच्या आईला समजावून सांगितलें, तालुक्याच्या इस्पितळांत तपासणीचा दिवस ठरवून दिला, आणि त्या दिवशीं तो खरोखर गेला कीं नाहीं हें पाहावयास पुनः घरीं गेल्या. महिन्याभरांत मुलाच्या नाकावर चष्मा आला. तो पुढें शिकला, नोकरीस लागला. परंतु गेलेलें वर्ष कांहीं परत आलें नाहीं, आणि चष्मा लागल्यावरही ‘ढब्बू’ हें नांव कित्येक वर्षें त्याला चिकटून राहिलें. मीं त्याची व त्याच्या बापाची क्षमा मागितली. बाप एवढेंच म्हणाला, “फादर, तुम्ही शिकलेले. तुम्हांला नाय दिसलं, तर मला काय दिसणार?”

बंधुभगिनींनो, ह्या गोष्टीचा मीं पुष्कळ विचार केला आहे. शिक्षक त्या मुलाला रोज पांच तास पाहत होते, पण फक्त वर्गांत. आई त्याला रोज घरीं पाहत होती, पण घरांत फळा नव्हता. मी पाहत होतों तें केवळ त्याचें गुणपत्रक. नर्सबाईंनीं त्याला दहा मिनिटें पाहिलें, आणि त्यांना तो दिसला. असें कां व्हावें? दोन कारणें आहेत. एक, काय पाहावयाचें ह्याचें त्यांना ज्ञान होतें. दुसरें, शाळेंत जें आढळलें तें घरच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन पोंचविण्याचे श्रम त्यांनीं घेतले. नुसतें ज्ञान असतें तर त्यांनीं एक चिठ्ठी लिहून दिली असती, व ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशीं कुजली असती. शाळा व घर ह्यांच्यामधील वाटेवर चालणारें माणूस असल्यावांचून मुलांचें आरोग्य राखलें जात नाहीं, हेंच मला आज सांगावयाचें आहे. त्या माणसाला आरोग्यशिक्षक म्हणा, आरोग्यशिक्षिका म्हणा. हें काम बहुधा स्त्रियाच करितात, म्हणून मी आरोग्यशिक्षिका हाच शब्द वापरीन. त्यांत आशाताई आल्या, आरोग्यसेविका आल्या, अंगणवाडीच्या ताई आल्या, आणि सेवानिवृत्त झालेल्या आपल्या परिचारिकाही आल्या.

कोणी म्हणेल, “फादर, ही व्यवस्था करणें सरकारचें काम आहे.” सरकारनें व्यवस्था केलेली नाहीं असें मुळींच नाहीं. आपल्या देशांत शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ सालीं बडोदें शहरांत झाली, असें आरोग्यशास्त्राचे ग्रंथ सांगतात. सयाजीराव महाराजांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें त्याला तेव्हां फार वर्षें झालीं नव्हतीं. मुलाला सक्तीनें शाळेंत आणावयाचें, तर तें शिकण्यासारख्या प्रकृतीचें आहे कीं नाहीं हेंही पाहिलें पाहिजे, हा विचार त्यामागें सहज दिसतो. अलीकडे म्हणजे ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि आपणां वसईकरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, त्याचा आरंभ आपल्या शेजारीं पालघर येथें झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींतील जन्मजात व्यंगें, आजार, पोषणाची उणीव व वाढींतील विलंब ह्या चार गोष्टी हुडकून काढणें व पुढील उपचार मोफत मिळवून देणें, हा त्याचा हेतु. त्याचें फिरतें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी आणि अनुदानित शाळेंत एकदां यावें, असा नियम आहे. पुढें २०२० सालीं शाळांसाठीं आणखी एक योजना निघाली. तींत प्रत्येक शाळेंतील दोन शिक्षकांनीं, शक्यतों एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत व्हावें आणि आठवड्यास एक तास मुलांशीं आरोग्याविषयीं बोलावें, असें ठरलें.

म्हणजे योजना आहे, गोळी आहे, डॉक्टर आहे. उणीव आहे ती कोठें? पथक वर्षांतून एक दिवस येतें. वर्षाचे दिवस तीनशें पांसष्ट. त्या एका दिवशीं जें मूल गैरहजर राहिलें तें सुटलें. ज्याच्या हातीं चिठ्ठी पडली त्याच्या आईला ती वाचतां आली नाहीं, किंवा वाचूनही मजुरी बुडवून इस्पितळांत जाणें तिला झेपलें नाहीं. आणि बहुधा असें होतें कीं, जें मूल अधिक अशक्त असतें तेंच अधिक वेळां गैरहजर असतें.

ही उणीव कशी भरून काढावी, ह्याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत एका ख्रिस्ती दांपत्यानें दिलें आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हीं वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं पतिपत्नी १९७० सालीं जामखेड ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत गेलीं. त्यांना लौकरच आढळून आलें कीं, इस्पितळ कितीही चांगलें असलें तरी ज्या आजारानें खेड्यांतील मुलें मरतात तो इस्पितळाच्या दारांत येण्यापूर्वींच बळावलेला असतो. तेव्हां त्यांनीं गांवागांवांतून गांवच्याच स्त्रिया निवडून घेतल्या. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक अशा जातींतील होत्या कीं गांव त्यांच्या हातचें पाणीही पीत नसे. त्या आठवड्यास एकदां केंद्रावर येत, नवें कांहीं शिकत, आणि परत जाऊन घरोघर तें सांगत. मूल जुलाबानें कोमेजलें तर मीठ, साखर व उकळून गार केलेलें पाणी कसें द्यावें, गरोदर स्त्रीनें काय खावें, मुलाचें वजन कसें घ्यावें, ह्यांसारख्याच गोष्टी. ज्यांना अक्षर येत नव्हतें त्या शिक्षिका झाल्या, आणि गांवानें त्यांचें ऐकलें. १९७९ सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मुंबईहून पाठविलेला तज्ज्ञ जें सांगतो तें लोक आदरानें ऐकतात व विसरतात. शेजारीण जें विहिरीवर सांगते तें घरांत शिरतें. २००५ पासून देशांत आशा नेमण्यांत येऊं लागल्या, त्यांतही हेंच तत्त्व आहे. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या सर्व आशाताईंचा गौरव केला, तो योग्यच झाला.

आतां आपल्या शाळेंत अशी आरोग्यशिक्षिका काय करूं शकेल, तें क्रमानें पाहूं.

पहिलें काम गोळीच्या आधींचें. २०१५ पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशीं मुलांस जंताची गोळी चावून खावयास देतात. आपल्याकडे पुष्कळ आया त्या दिवशीं मुलाला घरींच ठेवितात. “माझ्या मुलाला जंत नाहींत,” असें त्या म्हणतात. किंवा अमक्या गांवीं गोळीनें पोरें ओकलीं, असें त्यांनीं ऐकलेलें असतें. वस्तुतः जंताचीं अंडीं मातींत असतात. तीं डोळ्यांस दिसत नाहींत. नखांतून, न धुतलेल्या भाजींतून तीं पोटांत जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पावलाच्या कातडींतून आंत शिरते. आणि आपलीं मुलें वाडींत अनवाणीच खेळतात. हा कृमि आंतड्यास चिकटून रक्त पितो. मूल जेवतें, पण अंगास लागत नाहीं; फिकट दिसतें, वर्गांत पेंगतें. ज्याच्या पोटांत जंत अधिक त्याला गोळीनें क्वचित् मळमळतें, तें थोड्या वेळानें थांबतें. हें सारें आरोग्यशिक्षिकेनें आदल्या आठवड्यांत आळींत बसून सांगितलें तर त्या दिवशीं वर्ग भरलेला दिसेल. गोळी देण्याच्या दिवशीं सांगून उपयोग नाहीं. आणि गोळीबरोबरच साबण पाहिजे. शौचानंतर व जेवणापूर्वीं साबण लावून वीस सेकंद हात धुतले नाहींत, तर आज मारलेला जंत सहा महिन्यांत परत येतो. शाळेच्या नळापाशीं साबण आहे कीं नाहीं, हें पाहणें मुख्याध्यापकांस लहान वाटेल. मला तें फार मोठें वाटतें.

लोहाच्या गोळीचेंही असेंच आहे. पांच ते नऊ वर्षांच्या मुलांस गुलाबी व दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींस निळी, अशी आठवड्यास एक गोळी शाळेंत देण्याची योजना आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरींत असें आढळलें कीं, पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींपैकीं ५९ मुलींच्या अंगीं रक्त कमी आहे. त्याच वयाच्या मुलग्यांत हें प्रमाण शंभरांस ३१ आहे. ज्या मुलीला जिना चढतां धाप लागते, तिला बीजगणित सोडवावयास सांगणें म्हणजे रिकाम्या विहिरीवर रहाट फिरविणें होय. पण गोळी उपाशीपोटीं घेतली तर मळमळतें, शौचास काळें होतें, आणि मुली ती खिडकीबाहेर टाकून देतात. जेवणानंतर घ्या, काळें होणें हें भय बाळगण्यासारखें नाहीं, वर लिंबू किंवा आंवळा खा म्हणजे लोह अंगास लागतें, आणि तासभर तरी चहा घेऊं नका, कारण चहा तें लोह अंगीं लागूं देत नाहीं. एवढ्या चार गोष्टी कोणी नीट सांगितल्या तर गोळ्या वाया जाणार नाहींत.

दुसरें काम चिठ्ठीच्या मागचें. तपासणींत ज्या मुलांस इस्पितळांत न्यावयास सांगितलें, त्यांची यादी एका वहींत असावी, आणि प्रत्येक नांवापुढें तें मूल गेलें कीं नाहीं हें लिहिलेलें असावें. ज्याच्यापुढें जागा कोरी, त्याच्या घरीं आरोग्यशिक्षिकेनें जावें. तेथें तिला खरीं कारणें कळतील. मुलीला चष्मा लावला तर लग्न कसें जमेल, असें आजी म्हणत असेल. कान फुटला तर खोबरेल तेल कढवून घालावें, ही आपल्याकडील जुनी चाल. वाहत्या कानांत तेल घातल्यानें तो अधिक बिघडतो, मुलाला ऐकूं कमी येतें, आणि शाळेंत तें अवधान नसलेलें मूल ठरतें. दुधाचे दांत पडणारच आहेत, मग किडले तर काय झालें, असें बापाला वाटत असेल. ह्या समजुती हंसून जात नाहींत. ओसरीवर बसून, आजीचा मान राखून, दोनदां तीनदां बोलावें लागतें. तें बोलण्याचा अधिकार त्या घरीं जिचें येणेंजाणें आहे तिलाच असतो.

वर्गशिक्षकांसही ती कांहीं खुणा शिकवील : डोळे बारीक करून पाहणारें मूल, हांक मारली असतां दुसऱ्यांदां वळणारें मूल, तोंड उघडें ठेवून श्वास घेणारें, मधल्या सुटींत खेळावयास न जाणारें, एकाएकीं गप्प झालेलें. शिक्षकानें निदान करावयाचें नाहीं. फक्त तिच्या कानावर घालावयाचें. “हें आमचें काम नव्हे,” असें कोणा शिक्षकास वाटल्यास त्यानें सावित्रीबाई फुले ह्यांचें स्मरण करावें. १८९७ च्या प्लेगांत रोगानें ग्रासलेल्या एका मुलास त्यांनीं स्वतः उचलून दवाखान्यांत नेलें, आणि त्याच रोगानें त्या मरण पावल्या. मुलींची पहिली शिक्षिका म्हणून आपण त्यांना वंदन करितों. शिक्षिकेचें काम त्यांनीं कोठपर्यंत नेलें, तेंही ध्यानांत ठेवावें.

तिसरें काम डब्याचें. ह्या बाबतींत मला थोडें कडक बोललें पाहिजे. आपण पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या बाजारास भाजी व केळीं पुरवीत आलेले लोक. आपल्याकडचीं सुकेळीं लोक मागवून खातात. आणि आपल्या मुलांच्या डब्यांत काय असतें? पाकिटांतील तळलेले काप व गोड बिस्किटें. सकाळीं घाई असते हें मी जाणतों. परंतु एक केळें, भाकरी व मुळ्याची किंवा माठाची भाजी, रात्रीची उसळ, अंडें, हें पाकिटापेक्षां महाग नाहीं. चरबी, साखर व मीठ अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत व त्याभोंवतीं पन्नास मीटरांत विकूं नयेत, असा नियम अन्न-सुरक्षा प्राधिकरणानें २०२० सालीं केला आहे. आपल्या फाटकाबाहेरच्या दुकानांत काय टांगलेलें आहे, तें आज घरीं जातांना पाहा.

त्याच दुकानांत आणखी एक वस्तु टांगलेली असेल. २००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास बंदी आहे. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शंभरांस साडेआठ कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू घेतात, असें आढळलें. आणि दुकानदारास दोष देण्यापूर्वीं आपण आपल्या चुलीकडे पाहूं. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दांतांस लावणारी आजी नातवंडांस जवळ घेऊन बसते. तें पाहून मूल बोट पुढें करितें. मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे, ती तंबाखू आहे. फादरांनीं प्रवचनांत हें सांगितलें तर आजी मान डोलावील व घरीं जाऊन डबी उघडील. तिच्याच वयाची, तिच्याच वाडींतली, मशेरी सोडलेली एखादी बाई तिला सांगेल, तेव्हां कांहीं फरक पडेल.

चौथें काम मुलींचें. धर्मगुरूनें हा विषय काढावा ह्याचें कोणास नवल वाटेल. पण न काढल्यानें नुकसान मुलींचेंच होतें. कित्येक मुली शाळेचें शौचालय घाण असतें म्हणून दिवसभर पाणी पीत नाहींत, व त्यामुळें मूत्रमार्गाच्या विकारानें आजारी पडतात. मासिक धर्म सुरू झाला म्हणजे दरमहा तीन-चार दिवस घरीं राहतात, आणि तेवढ्या दिवसांचा अभ्यास बुडतो. त्या वेळीं काय वापरावें, कापड कसें धुवावें व उन्हांत कां वाळवावें, हें त्यांना आईनें सांगावें. पण आईला तिच्या आईनें सांगितलेलें नसतें. देवानें दिलेल्या देहाची लाज बाळगावयास शिकविणें हें कांहीं धर्मशिक्षण नव्हे. आरोग्यशिक्षिकेनें सहावीपासूनच्या मुलींस वेगळें बसवून हें सांगावें, आणि त्यांच्या आयांसही सांगावें. शौचालयांत पाणी, दाराला आंतून कडी, व झांकण असलेली बादली असावी, ही जबाबदारी मात्र आमची, शाळा चालविणाऱ्यांची आहे. ती तिच्यावर ढकलूं नये.

मनाच्या आरोग्याविषयीं दोनच शब्द. परीक्षेच्या भयानें जेवण सोडलेलें मूल, रात्रभर फोनवर जागणारें मूल, घरांतील दारूच्या भांडणानें शाळेंत येऊन हातपाय आंखडून बसणारें मूल, हीं सारीं आपल्या गांवांत आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकून घेणारें, रागें न भरणारें एक मोठें माणूस असावें. पुढें गरज पडल्यास तज्ज्ञाकडे न्यावें.

परंतु ह्या कामाला मर्यादाही आहेत, आणि त्या पाळल्या नाहींत तर लाभापेक्षां हानि अधिक. आरोग्यशिक्षिका डॉक्टर नव्हे. तिनें औषध ठरवूं नये, रोगाचें नांव सांगून भय घालूं नये. एका मुलाचें दुखणें दुसऱ्या घरीं बोलूं नये. धर्मगुरूला पापनिवेदनाची गुप्तता राखावी लागते. तिची गुप्तता त्याहून फार निराळी नाहीं. आणि वर्गासमोर मुलांस वजनकांट्यावर उभें करून आंकडे मोठ्यानें वाचूं नयेत, कोणाच्या केंसांत उवा सांपडल्या तर सर्वांदेखत सांगूं नये. एकदां लाजलेलें मूल पुढील तपासणीच्या दिवशीं घरीं राहतें. मला माहीत आहे. मीं एका मुलाला तसें लाजविलें आहे.

आतां शेवटीं आपणांपुढें एक मागणी ठेवितों. महोत्सवासाठीं जमलेल्या निधींतून देवळाचा दर्शनी भाग सजवावा, अशी पुष्कळांची इच्छा आहे. तिला माझा विरोध नाहीं. पण त्याबरोबर तीन गोष्टी कराव्या. एक, आपल्या धर्मग्रामांत ज्या परिचारिका नोकरींतून निवृत्त झाल्या आहेत त्यांपैकीं दोघींनीं, व आपल्या भागांतील आशाताईंनीं, आठवड्यास एक दुपार आमच्या शाळेस द्यावी. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आपण भागवूं. आशाताईंना मिळणारा मोबदला थोडा व कामें पुष्कळ, तेव्हां त्यांचा वेळ फुकट मागण्याचा आपणांस हक्क नाहीं. दुसरी, शाळेंत ती वही ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनीं मुख्याध्यापिका, आरोग्यशिक्षिका व मी अशा तिघांनीं बसून कोऱ्या जागा पाहाव्या. नांवें आमच्यांतच राहतील. तिसरी, प्रत्येक आळींत दरमहा एक सभा व्हावी, आणि तींत आयांबरोबर बापांनींही बसावें. मुलाचा आजार ही केवळ आईची गोष्ट, असें समजणारे आपण पुरुष चुकतों. माझ्या गोष्टींतील तो खलाशी बाप मुलाला मारावयास आला होता, हें खरें. पण इस्पितळाच्या दारांत तीन तास रांगेंत उभाही तोच राहिला.

ही मागणी करितांना मला ठाऊक आहे कीं पहिल्या वर्षीं वहींत पुष्कळ जागा कोऱ्या राहतील. कोणी आया दार उघडणार नाहींत, कोणी शिक्षक कुरकुरतील. प्रभूनें मुलांस जवळ घेतलें तेव्हां शिष्यच आडवे आले होते. अडथळा बहुधा आपल्या माणसांकडूनच येतो. पण पंचवीस वर्षांनीं ह्याच मंडपांत पुढचा महोत्सव साजरा होईल. त्या वेळीं मी नसेन. असलों तर काठी टेकीत पहिल्या रांगेंत बसलेला असेन. तेव्हां कोणी तरी उठून ह्या वर्षांचा वृत्तांत सांगेल. त्यानें देवळाच्या फरशीचें वर्णन खुशाल करावें. पण त्याबरोबर त्यानें ती जुनी वही उघडून असें म्हणावें, कीं अमक्या सालानंतर ह्या शाळेंतील एकही मूल फळा न दिसल्यामुळें नापास झालें नाहीं. तेवढें ऐकूं आलें तर माझें त्या मुलाचें देणें कांहीं अंशीं फिटलें, असें मी समजेन.

 सभा संपल्यावर दारापाशीं मेजावर कोरी वही ठेविली आहे. ज्या भगिनींना आपली एक दुपार द्यावयाची असेल, त्यांनीं पहिल्या पानावर नांव लिहावें.